सेलेसची कहाणी शोकांतिका आहे काय?

मोनिका सेलेस या टेनिसपटूविषयी मराठीत जे काही माझ्या वाचनात आले, त्यातील बहुतेक लेखनाचा सूर एकच आहे. ३० एप्रिल १९९३ पर्यंतची झंझावाती कारकीर्द, त्या दिवशी हाम्बुर्गमध्ये पाठीत खुपसलेला सुरा, आणि त्यापुढे लांबलचक हळहळ. लेखाचा शेवटही ठरलेला असतो : तो सुरा नसता तर टेनिसचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. ही हळहळ खोटी नाही, पण तिला समीक्षा म्हणता येत नाही. बालकवींना अठ्ठाविसाव्या वर्षी भादलीजवळ रेल्वेखाली मरण आले. ते आणखी तीस वर्षे जगते तर काय लिहिते, यावर एखादे व्याख्यान सहज रंगेल. परंतु मराठी कवितेतील त्यांचे स्थान 'औदुंबर' आणि 'फुलराणी' यांनी ठरते, न लिहिलेल्या कवितांनी नव्हे. सेलेसच्या बाबतीत मात्र आपण तिच्या न खेळलेल्या सामन्यांनाच अधिक गुण देऊन बसलो आहोत. परिणामी जे सामने ती प्रत्यक्ष खेळली, विशेषतः १९९५ नंतर जे खेळली, त्यांच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

'शोकांतिका' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. वर्तमानपत्रांना तर बस दरीत कोसळली तरी तो पुरतो. पण 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर आपली मिळकत आपल्याच हाताने मुलांना वाटून देतात आणि पुढचे सगळे दुःख त्या एका कृतीतून उगवते, म्हणून ती शोकांतिका. ॲरिस्टॉटलची अपेक्षा हीच होती : नायकाच्या हातून काहीतरी घडलेले असावे, आणि फळ त्याच्या कृतीच्या मानाने फार मोठे असावे. हाम्बुर्गच्या त्या संध्याकाळी सेलेसच्या हातून काय घडले होते? दोन गेममधल्या विश्रांतीत ती खुर्चीवर बसून पाणी पीत होती. यात दोष कुठे आहे? हा गुन्हा होता. गुन्ह्याला शोकांतिका म्हटले की गुन्हेगाराला नियतीचा हस्तक म्हणून एक प्रकारची प्रतिष्ठा मिळते, आणि ज्यांनी त्यानंतर जबाबदारीने वागायला हवे होते ते सगळे प्रेक्षकांत जाऊन बसतात. माझी तक्रार इथे आहे.

तेव्हा आरंभापासून पाहू.

नोव्ही साद हे डॅन्यूब नदीकाठचे शहर. आज ते सर्बियात आहे. २ डिसेंबर १९७३ रोजी मोनिकाचा जन्म झाला तेव्हा ते युगोस्लाव्हियात होते, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी हंगेरीच्या राज्यात होते. शहर जागचे हलले नाही, सरहद्दी हलल्या. या अंकाच्या वाचकाला हे वाक्य उलगडून सांगण्याची गरज नाही. हे शहर ज्या व्होयव्होदिना प्रांतात आहे, तिथे त्या काळी पाच भाषांना कारभाराच्या भाषा म्हणून मान्यता होती. (हा आकडा वाचून आपल्याकडे काहींना हेवा वाटेल आणि काहींना घेरी येईल.) सेलेस कुटुंब हंगेरियन. घरात हंगेरियन, बाहेर सर्बोक्रोएशियन, आणि बाराव्या-तेराव्या वर्षानंतर इंग्रजी, असा या मुलीचा भाषिक प्रवास आहे.

तिच्या आडनावाचीच गोष्ट पाहण्यासारखी आहे. हंगेरियन लेखनात ते एस आणि झेड या जोडीने सुरू होते. सर्बियन पद्धतीने लिहिताना झेड गळतो आणि शेवटच्या एसवर एक चिमुकली टोपी चढते. अमेरिकेत गेल्यावर टोपीही उतरली. दोन्ही मूळ भाषांत उच्चार 'सेलेश'च्या जवळचा आहे. जगाने तो 'सेलेस' करून टाकला आणि आपणही तसाच घेतला. आपल्या भागात एकाच माणसाचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरे असते, त्याचीच ही थोरली आवृत्ती. हंगेरियनमध्ये या शब्दाचा अर्थ 'वाऱ्याचा', सोसाट्याच्या वाऱ्याचा, असा होतो. तिचा खेळ पाहिलेल्यांना तो पटेल.

वडील कारोय व्यंगचित्रकार होते. नोव्ही सादमधल्या हंगेरियन दैनिकातही त्यांची चित्रे छापून येत आणि सर्बियन दैनिकातही. टेनिसचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. इमारतीशेजारच्या मोटारी लावण्याच्या मोकळ्या जागेत दोरी बांधून त्यांनी जाळे केले आणि चेंडूंवर उंदराची चित्रे काढली. टॉम आणि जेरीपैकी मोनिकाने मांजर व्हायचे आणि चेंडूरूपी उंदराला पकडायचे, असा खेळ. मुलीने रॅकेट दोन्ही बाजूंना दोन्ही हातांनी धरली, ती त्यांनी तशीच राहू दिली. पुस्तकी पद्धतीत हे बसत नव्हते. कोणीही पदवीधर प्रशिक्षक असता तर त्याने पहिल्याच आठवड्यात एक हात सोडवला असता, असे मला वाटते.

टेनिसच्या जगात बापांचा इतिहास फारसा चांगला नाही. मेरी पिअर्सच्या वडिलांना १९९३ साली स्पर्धांच्या आवारात येण्याची बंदी झाली. स्टेफी ग्राफच्या वडिलांना मुलीच्या कमाईवरील कर चुकवल्याबद्दल १९९७ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. दहावीच्या निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकाच्या खोलीत जे बाप येतात, त्यांत मुलाचे गुण स्वतःच्या छातीवर लावून फिरणारे आणि मुलाकडे पाहून हसणारे असे दोन प्रकार मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. कारोय सेलेस दुसऱ्या प्रकारातले होते. मुलीला खेळात मजा वाटली पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. त्यांनी शिकवलेल्या खेळात व्यंगचित्रकाराची रेषा मला दिसते : कमीत कमी फटकारे, एकही रेषा शोभेची नाही, आणि शेवटच्या फटकाऱ्यात समोरच्याची फजिती.

१९८५ साली मायामीच्या ऑरेंज बाउल या मुलांच्या स्पर्धेत ती चमकली. तिथे निक बोलेटिएरी या प्रशिक्षकाच्या नजरेत भरली आणि पुढच्या वर्षी फ्लोरिडातील त्याच्या प्रबोधिनीत दाखल झाली. आधी भाऊ झोल्टन सोबत होता, आईवडील मागाहून आले. १९८९ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी ह्यूस्टनला ख्रिस एव्हर्टला हरवून तिने पहिले विजेतेपद मिळवले. बोलेटिएरींशी पुढे बिनसले. कोणी किती शिकवले, हा वाद दोन्ही बाजूंनी झाला. त्यात आपण शिरण्याचे कारण नाही.

आता खेळाकडे. रॅकेट दोन हातांत धरली की पल्ला आखूड होतो. एका हाताने मारणारा खेळाडू बाहेर चाललेला चेंडू हात लांबवून गाठतो. दोन हातांनी मारणाऱ्याला तिथे एक पाऊल जास्त टाकावे लागते. बहुतेकांना ही अडचण फक्त बॅकहँडला असते, सेलेसला ती दोन्हीकडे होती. तिने त्यावर काढलेला तोडगा हीच तिची प्रतिभा. चेंडू लांब जाईपर्यंत थांबायचेच नाही. बेसलाइनच्या आत उभे राहायचे, टप्पा पडून चेंडू वर येत असतानाच त्याला गाठायचे आणि कोपऱ्याच्याही पलीकडे, जिथे कोन जवळजवळ अशक्य वाटतो तिथे, ढकलायचे. समोरचीला एक श्वास कमी मिळे. शिवाय दोन हातांमुळे चेंडू सरळ जाणार की तिरपा, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. त्यात ती डावखुरी. तिचा तिरपा फोरहँड उजव्या हाताने खेळणाऱ्या ग्राफच्या बॅकहँडकडे जाई, आणि ग्राफचा बॅकहँड चेंडूला कापून संथ करणारा होता. बॅकहँड चुकवून, धावत बाजूला येऊन फोरहँड मारणे ही ग्राफची सवय. सेलेस तिला तेवढी उसंतच देत नसे. सेलेसची सर्व्हिस साधारण होती. नेटजवळचा खेळ कामापुरता. समोरचीची सर्व्हिस परतवण्यात मात्र त्या काळात तिला तोड नव्हती.

१९९० च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये तिने ग्राफची सलग ६६ विजयांची मालिका तोडली. काही आठवड्यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये २-६ असे मागे असताना, तिने ओळीने सहा गुण घेतले. मग दुसरा सेट ६-४. वय साडेसोळा. एवढ्या लहान वयात ही स्पर्धा त्यापूर्वी कोणी जिंकली नव्हती. १९९१ आणि १९९२ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन अशी तिन्ही विजेतेपदे तिचीच. मार्च १९९१ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली झाली. १९९१ च्या आरंभापासून १९९३ च्या फेब्रुवारीपर्यंत ती ३४ स्पर्धा खेळली, त्यांतील ३३ मध्ये अंतिम फेरीत पोचली आणि २२ जिंकली. विसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी आठ ग्रँड स्लॅम.

हळहळवाद्यांचा सगळा भर या आकड्यांवर असतो, आणि आकडे दिपवणारे आहेतच. पण समीक्षकाने दुसराही आकडा मांडला पाहिजे. हाम्बुर्गपूर्वी ग्राफ आणि सेलेस एकमेकींशी दहा वेळा खेळल्या; त्यांत ग्राफचे विजय सहा, सेलेसचे चार. ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत मात्र चारपैकी तीन वेळा सेलेस जिंकली. म्हणजे मोठ्या दिवशी सेलेस आणि एरवी ग्राफ, असा काहीसा हिशेब. १९९२ च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात तिसरा सेट १०-८ असा लांबला. हातातोंडाशी आलेला सामना सेलेसने अनेकदा निसटू दिला आणि ग्राफने तो पुनःपुन्हा ओढून आणला. मोडीत निघालेली प्रतिस्पर्धी असे टेनिस खेळत नाही. सेलेसला मोठे करण्यासाठी ग्राफला लहान करण्याची जी रीत पडली आहे, ती दोघींवरही अन्याय करणारी आहे. १९९३ च्या मे पासून पुढच्या चारही ग्रँड स्लॅम ग्राफने जिंकल्या. तिथे सेलेस नव्हती, हा ग्राफचा अपराध नव्हे.

विम्बल्डन हे सेलेसचे अपुरे पान. १९९१ मध्ये ऐन तोंडावर तिने माघार घेतली आणि कारण वेळेवर सांगितले नाही, त्यामुळे वर्तमानपत्रांनी आपापली कारणे छापली. पायाच्या नडगीचे दुखणे होते हे मागाहून कळले. पुढच्या वर्षी ती अंतिम फेरीपर्यंत गेली, पण त्या पंधरवड्यात चर्चा झाली ती तिच्या आवाजाची. चेंडू मारताना ती हुंकार देई, मोठ्याने, दोन सुरांत. उपान्त्यपूर्व फेरीत नताली तोझियाने आणि उपान्त्य फेरीत मार्टिना नवरातिलोव्हाने तक्रार केली. लंडनच्या वर्तमानपत्रांनी तर आवाजाची मोजमापे छापली. अंतिम सामन्यात सेलेस मुकाट्याने खेळली आणि ग्राफकडून २-६, १-६ अशी हरली.

गवतावर ग्राफ तिला तसेही जड गेलीच असती, कारण चेंडू खाली राहिला की दोन हातांच्या खेळाला वाकणे फार पडते. परंतु त्या दिवशीचा खेळ मला आजही अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण मी गवतापेक्षा त्या मौनात शोधतो. ऐरणीवर घाव घालणाऱ्या लोहाराला श्वास रोखून घाव घालायला सांगा, किंवा शेंदणाऱ्या माणसाला मुकाट्याने मोट ओढायला सांगा. काम होईल, पण घाव जागेवर पडणार नाही. आवाज हा तिच्या फटक्याच्या वेळेचा भाग होता. सुसंस्कृत प्रेक्षकांनी तो काढून घेतला आणि तिनेही भिडेखातर देऊन टाकला. पुढे तिने स्वतःच त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. तिच्या कारकिर्दीत तिच्या स्वतःच्या हातून झालेली चूक शोधायचीच असेल, तर ती इथे सापडते. ॲरिस्टॉटलला एक सामना देता येईल. सगळी कारकीर्द नाही.

त्याच सुमारास युगोस्लाव्हिया फुटत होता. तू कोणत्या बाजूची, असे तिला वारंवार विचारले जाई, आणि ती राजकारणावर बोलण्याचे टाळी. यावरही टीका झाली. सर्बियातल्या हंगेरियन घरातली, अमेरिकेत राहणारी अठरा वर्षांची मुलगी काय उत्तर देणार? तिचे प्रत्येक उत्तर कुणाच्या तरी घरात चुकीचे ठरले असते. १९९४ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली.

हाम्बुर्गविषयी थोडक्यात लिहितो, कारण इतरांनी भरपूर लिहिले आहे. उपान्त्यपूर्व फेरी, समोर मागदालेना मालेयेवा, सेलेस ६-४, ४-३ अशी पुढे. प्रेक्षकांतून ग्राफचा एक माथेफिरू भक्त कठड्यावरून वाकला आणि त्याने तिच्या पाठीत सुरा मारला. जखम दीड सेंटिमीटर खोल. त्याचे नाव मी इथे घालत नाही. ग्राफ पुन्हा पहिल्या क्रमांकावर यावी एवढाच त्याचा हेतू होता, आणि क्रमवारीपुरता तो साधला. महत्त्वाचे आहे ते पुढचे. स्पर्धा थांबवली गेली नाही, ठरल्याप्रमाणे पार पडली. न्यायालयाने गुन्हेगाराला दोन वर्षांची शिक्षा सुनावली, पण ती स्थगित ठेवली. म्हणजे तो घरी गेला. १९९५ मधल्या अपिलातही तोच निकाल कायम राहिला. सेलेस पुन्हा कधीही जर्मनीत खेळली नाही. आणि तिचा पहिला क्रमांक ती परत येईपर्यंत राखून ठेवावा का, असे रोममध्ये जमलेल्या आघाडीच्या खेळाडूंना विचारले गेले, तेव्हा नकार आला. गाब्रिएला सबातिनी तेवढी तटस्थ राहिली. क्रमवारी हा पोटापाण्याचा विषय आहे, एक जागा अडली की खालच्या सगळ्यांचे गणित बदलते, हे मला समजते. तरीही शाळेत एखाद्या मुलीला मैदानात कोणी मारले आणि ती रुग्णालयात असताना तिचा वर्गातला क्रमांक काढून घ्यावा काय, असा प्रश्न आम्ही मुलांच्या मतदानाला टाकणार नाही. असा प्रश्न मुळात विचारला गेला, यातच त्या व्यवस्थेची परीक्षा झाली. ज्यांना ही शोकांतिका वाटते, त्यांनी नायिकेचा दोष शोधण्याऐवजी हे प्रसंग पाहावेत.

शरीराची जखम काही आठवड्यांत भरली. ती परतली मात्र २७ महिन्यांनी. त्याच काळात वडिलांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला ती पहिली स्पर्धा खेळली आणि जिंकली. अंतिम सामन्यात अमांडा कोट्झरला ६-०, ६-१. आता तिला ग्राफबरोबर संयुक्त पहिला क्रमांक देण्यात आला. दोन वर्षांपूर्वी जे अशक्य होते ते आता शक्य झाले, असो. सप्टेंबरमध्ये अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पुन्हा ग्राफ. पहिला सेट टायब्रेकमध्ये ग्राफने ८-६ असा घेतला, दुसरा सेलेसने ६-०, तिसरा ग्राफने ६-३. त्या मधल्या ६-० च्या सेटमध्ये जुनी सेलेस अख्खी दिसते. १९९६ च्या जानेवारीत मेलबर्नला उपान्त्य फेरीत चांदा रुबिनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशी मागे असताना तिने तो ७-५ असा काढला आणि पुढे अँके ह्यूबरला हरवून नववे ग्रँड स्लॅम मिळवले. ते शेवटचे ठरले.

उत्तरार्धाबद्दल बोलताना 'ती पूर्वीची राहिली नाही' एवढे म्हणून भागत नाही. काय राहिले नाही, ते सांगता आले पाहिजे. कोन तेच होते. चेंडू लवकर घेण्याची दृष्टी तीच होती. सर्व्हिस परतवणे तर शेवटपर्यंत भेदक राहिले. हरवले ते ते एक पाऊल. दोन हातांच्या खेळाला जे जास्तीचे पाऊल लागते, ते आता अर्ध्या क्षणाने उशिरा पडू लागले. समोरच्यांना हे लवकर कळले आणि त्या तिला आडव्या पळवू लागल्या. त्याचे कारण वजन, हे सगळे समालोचक उघडपणे बोलत. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच्या मुलीच्या कमरेच्या घेराची चर्चा दूरचित्रवाणीवर भरदिवसा चालत असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. रात्री एकटीने बेसुमार खाण्याची व्याधी तिला जडली होती, हे तिने पुढे पुस्तकात सांगितले. त्या एका पावलाच्या कमतरतेसह ती ग्रँड स्लॅमच्या आणखी चार अंतिम फेऱ्या खेळली, तीन वेळा अमेरिकेच्या फेडरेशन कप विजेत्या संघात होती, सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, आणि कारकिर्दीअखेर एकेरीच्या विजेतेपदांची संख्या ५३ झाली. दुसऱ्या कोणा खेळाडूच्या नावावर एवढा उत्तरार्ध असता तर तो पूर्ण कारकीर्द म्हणून मिरवला गेला असता.

१९९८ च्या मे महिन्याच्या मध्यावर कारोय सेलेस वारले. दहा-अकरा दिवसांत पॅरिसची स्पर्धा सुरू झाली आणि ती खेळायला उतरली. गळ्यातल्या साखळीत वडिलांची लग्नातली अंगठी होती. उपान्त्य फेरीत समोर मार्टिना हिंगिस : वय सतरा, क्रमवारीत पहिली, डोक्याने खेळणारी, प्रतिस्पर्ध्याला पळवून दमवण्यात निष्णात. कागदावर पाहता, एक पाऊल कमी पडणाऱ्या सेलेससाठी याहून वाईट प्रतिस्पर्धी नव्हती. सेलेसने तिला ६-३, ६-२ असे हरवले. हा सामना मिळाल्यास जरूर पाहावा. हिंगिसला पळवण्याची संधीच मिळत नाही, कारण सेलेस पहिल्या किंवा दुसऱ्या फटक्यातच कोन उघडते आणि बिंदू संपवते. पायांनी गमावलेले तिने अंदाजाने भरून काढले आहे. १९९१ च्या सेलेसला याची गरज नव्हती, म्हणून तिला हे येतही नसावे. अंतिम सामन्यात ती आरांचा सांचेझ विकारिओकडून ६-७, ६-०, २-६ अशी हरली. करुण रसाचा स्थायीभाव शोक आणि वीर रसाचा उत्साह, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. त्या पंधरवड्यात शोकाला कारण पुरेपूर होते. कोर्टावर दिसत होता तो उत्साह. तिच्या खेळाचा माझ्या मते सर्वांत पक्व नमुना हाच आहे, आणि तो सुऱ्यानंतर पाच वर्षांनी आला आहे.

सेलेसने आत्मकथन दोनदा लिहिले. पहिले १९९६ मधले, नॅन्सी ॲन रिचर्डसन यांच्या साहाय्याने : 'मोनिका : फ्रॉम फिअर टू व्हिक्टरी'. भयाकडून विजयाकडे असा प्रवास शीर्षकातच संपवून टाकल्यामुळे पुस्तकाला पुढे जायला जागा उरत नाही. त्यावेळी ती बावीस वर्षांची होती आणि खेळत होती. जखमेवरची खपली धरायची होती, ती लेखनात कशी निघेल? दुसरे 'गेटिंग अ ग्रिप' हे २००९ चे. त्यात खाणे, वजन, लाज, एकाकीपणा, वडिलांचे जाणे, हे सगळे सरळ येते. एका जगज्जेतीने स्वतःच्या शरीराबद्दल इतके उघडे लिहावे, याला धैर्य लागते, आणि वाढत्या वयाच्या मुली असलेल्या घरांतून ते वाचले जावे असे मला वाटते. पण समीक्षक म्हणून तक्रारही आहे. पुस्तक हळूहळू सल्ल्याच्या पुस्तकांच्या वळणावर जाते आणि टेनिस मागे पडते. पॅरिसच्या त्या टायब्रेकमध्ये २-६ असताना साडेसोळा वर्षांच्या मुलीच्या मनात नेमके काय चालले होते, कोणता फटका कुठे मारायचा हे तिने कसे ठरवले, याची पाने मला हवी होती. मोठे गायक आत्मचरित्रात गुरूंच्या आठवणी सांगतात, हालअपेष्टा सांगतात, पण राग कसा मांडला ते सांगत नाहीत. तोच हा दोष. आपल्या घावाविषयी ऐकायला लोक उत्सुक आहेत आणि आपल्या फटक्याविषयी नाहीत, असा तिचाच समज झाला असेल तर त्याला आपण सगळे जबाबदार आहोत.

शेवटचा सामना ती २००३ च्या मे महिन्यात पॅरिसला खेळली, पहिल्याच फेरीत नादिया पेत्रोव्हाकडून हरली. निवृत्ती जाहीर केली ती २००८ च्या फेब्रुवारीत. मधली पाच वर्षे पायाचे दुखणे बरे होण्याची वाट पाहण्यात गेली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिसच्या मानकऱ्यांच्या दालनात तिची निवड झाली. त्यानंतर बरीच वर्षे ती फारशी बातम्यांत नव्हती.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा बोलली. मायस्थेनिया ग्राव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार तिला असल्याचे २०२२ मध्ये कळले होते. आता तिने ते जगाला सांगितले. घरच्या मुलांशी खेळताना चेंडू चुकू लागला, एका चेंडूच्या जागी दोन दिसू लागले, म्हणून ती डॉक्टरांकडे गेली. टप्पा पडून वर येणारा चेंडू जिने इतरांच्या आधी पाहिला, तिच्या डोळ्यांना हे व्हावे. त्याच मुलाखतीत तिने आयुष्यात नव्याने सुरुवात कराव्या लागलेल्या वेळा एकामागून एक मोजल्या आहेत. हा आजार त्यांतला सर्वांत अलीकडचा. हाम्बुर्ग त्या यादीत आहे, तिसऱ्या जागी. दुसऱ्या जागी सोळाव्या वर्षी आलेली कीर्ती आणि पैसा. पहिली म्हणून तिने सांगितली ती तेराव्या वर्षी घर सोडून, भाषा येत नसताना, अमेरिकेत जाऊन राहिल्याची वेळ.